परवलीचा शब्द

मारोती : …आन् हे काय? डोक्यावर टोपी न्हाई आन् गडी सलाम ठोकतोय! उघड्या डोक्यानं सलाम करत नसतेत. काट.

संघमित्रा : काटलं. पुढे?

मारोती : ह्या नायकाच्या बाहीवर तीन फिती. नायक हुद्द्याला दोन, तीन फिती हवालदाराला. ह्याला काय जाहिरातीच्या ब्रेकात बढती मिळाली?

गिरजाबाई : मिळंना का बापड्याला! तुमच्या खिशातनं जातंय व्हय?

मारोती : तू लसूण सोल. हा फौजेचा मामला हाय.

(खांदेश्वर, दुसरा मजला, दुपारचा चहा. एकाहत्तरच्या लढाईवरच्या विनोदी मालिकेत सहायक दिग्दर्शिका असलेली संघमित्रा उद्याच्या शूटिंगचे कागद घेऊन आजोळी आलीय, आणि माजी सुभेदार मारोती आजोबांनी लाल पेन असं धरलंय की आता कुणाची धडगत नाही. आजी लसूण सोलतायत, पण कान कुठे आहेत ते सांगायला नको.)

गिरजाबाई : जन्मभर फौजेचाच मामला ऐकायली मी. चादरीच्या घडीचा कोपरा कोपऱ्याला लागला न्हाई, की पुन्हा घाल म्हनत्यात.

संघमित्रा : आजी, प्लीज! इथे माझी वाट लागलीय. मागच्या आठवड्यात खंदकामागे प्लास्टिकची खुर्ची दिसली. एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी चॅनलला फोन करून असलं झापलं ना! आता प्रोड्युसर म्हणतो, जो त्या लढाईत होता अशा माणसाने ओके म्हटलं तरच सीन. नाहीतर सीन पण नाही आणि तू पण नाही.

मारोती : कर्नलसाब बराबर बोलले. खंदकात बसायला खुर्ची मिळाली आसती तर आमी आजून बी लढत बसलो आसतो.

संघमित्रा : आता मेन सीन ऐका. आमचा हिरो रात्री गस्तीवरून परत येतो. पहारेकरी ओरडतो, "थम! कौन आता है?" आणि हिरो परवलीचा शब्द विसरतो.

मारोती : काट.

संघमित्रा : आजोबा! अख्खा एपिसोड त्याच्यावर उभा आहे!

मारोती : बसव मग त्याला. जवान एकवेळ जेवान विसरंल, बायकोचं नाव विसरंल…

गिरजाबाई : काय म्हनलाव?

मारोती : उदाहरन दिलं. पन परवलीचा शब्द विसरत न्हाई. सरळ गोळी बसती.

संघमित्रा : पुढचं तरी ऐका. तो हात वर करतो आणि सिनेमातलं गाणं म्हणतो. पहारेकऱ्याला कळतं, आपलाच माणूस आहे. मग सगळे हसतात.

मारोती : हॅट्! सिनेमाचं गाणं! आगं, रेडिओ काय आपल्याकडंच व्हता? तिकडच्या जवानांला आपली गाणी आपल्यापक्षा जास्त पाठ. सिनेमाच्या गाण्यावर पहारेकरी ढिम्म हलत न्हाई. तो काय म्हनतो, "गाणं ऱ्हाऊ दे. तुझी माय जात्यावर काय म्हनायची, ते म्हन."

संघमित्रा : कोण म्हणतो?

मारोती : पहारेकरी.

संघमित्रा : कुठला पहारेकरी?

मारोती : कोनताबी. समजा.

गिरजाबाई : समजा म्हनं!

संघमित्रा : थांबा हं. म्हणजे लढाई चालू, काळोख, समोर बंदूक, आणि जवानाने हात वर करून ओवी म्हणायची? बायका दळताना म्हणतात ती?

मारोती : गुडघाभर चिखलात उभं ऱ्हाऊन. आन् नुसती बोलून जमत न्हाई, चालीवर लागती. चाल चुकली की पुन्हा पहिल्यापासनं म्हनायला लावतो.

संघमित्रा : आजोबा, ते तुम्ही होतात!

मारोती : मी सल्लागार हाय.

गिरजाबाई : बशीतला चहा सांडला, सल्लागार! आगं, हेच व्हते. आन् पहारेकरी म्हंजी सटवाभावजी, ह्यांच्या शेजारच्या गावचे. लग्नात मला मांडवातच म्हनले, "वयनी, काळजी करू नका, नवरा दळनाला लई चांगला हाय."

मारोती : सटवानं सांगितलं तुला? तवाच?

गिरजाबाई : तवाच.

मारोती : आन् तू कधी बोलली न्हाईस?

गिरजाबाई : कशाला बोलू? तुमी चादरीवरनं वरडायला लागले की मी तुमाला हात वर करून उभं करायची. मनातल्या मनात.

संघमित्रा : आजोबा, हे सोनं आहे सोनं! उद्या रबाळ्याच्या शूटिंगच्या शेडमध्ये हाच सीन करू. कर्नलसाहेब काय बोलणार? खरं घडलंय! सांगा ती ओवी, लिहून घेते.

मारोती : न्हाई.

संघमित्रा : लाज वाटते का? तुमचं नाव नाही येणार.

मारोती : येऊ दे की नाव. आता माझी पेन्शन थोडीच कापनार हायेत? पन ती ओवी मिळनार न्हाई.

गिरजाबाई : आवो, पोरीच्या पोटावर पाय कामून देताव? एक ओवी तर हाय!

मारोती : गिरजा, दर रविवारी मी कुठं जातो?

गिरजाबाई : माजी सैनिकांच्या मीटिंगला.

मारोती : तळवलीला जातो. सटवाकडं.

गिरजाबाई : भावजींकडं? आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाई? मी बी आले आसते की!

मारोती : म्हनूनच न्हाई सांगितलं. त्याला आता मानूस वळखू येत न्हाई. त्याची सून घास भरवती, तर तिलाच इचारतो, "बाई, तुमी कुनाच्या?" तुला बी तसंच इचारलं आसतं. तुला लई लागलं आसतं.

संघमित्रा : तुम्हाला तरी ओळखतात?

मारोती : न्हाई. दारात काठी आडवी धरून बसलेला आसतो. मी जिन्यात दिसलो की वरडतो, "थम! कौन आता है?"

गिरजाबाई : आगं माय!

मारोती : मग मी हात वर करतो. बिल्डिंगीतली पोरं हसत्यात, हसू दे. चालीवर पुरी ओवी म्हनतो. चुकलो तर आजून बी पुन्हा म्हनायला लावतो, सोडत न्हाई. मग काठी बाजूला घेतो आन् म्हनतो, "ये मारोत्या. चहा झालाय."

गिरजाबाई : मारोत्या म्हनत्यात?

मारोती : तेवढंच एक नाव ऱ्हायलंय त्याच्यापाशी.

संघमित्रा : सॉरी, आजोबा. राहू दे सगळं. प्रोड्युसरला सांगते, नाही जमलं.

मारोती : कामून न्हाई जमलं? सीन बराबर हाय, लिही. टोपी डोक्यावर. चिखल गुडघाभर. हात वर. पहारेकरी हसला पाहिजे, पन दात दाबून, आवाज न करता. सिनेमाचं गाणं काट आन् तिथं ओवी घाल. सुभेदार मारोती ओके म्हनला म्हनून सांग.

संघमित्रा : पण ओवी तर तुम्ही देत नाही!

मारोती : आजीकडनं घे. तिच्या मायच्या ढीगभर हायेत.

गिरजाबाई : घे बाई. "जात्याच्या पाळीवर, सांडली जवारी, लेक माझा शिपाई गं, उभा शिवंवरी." चालंल?

संघमित्रा : चालेल काय, धावेल!

गिरजाबाई : आन् रविवारी मी बी तळवलीला यायली, सांगून ठेवते. पन काय हो, टीव्हीवर माझ्या मायची ओवी चालती, मग तुमच्या मायची का नको?

मारोती : परवलीचा शब्द कुनी टीव्हीवर सांगतं व्हय?