दोन कॉफी, तीन पेले

अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी बसवनगुडीतल्या त्या हॉटेलात गेले. ते रोज सकाळी तिथे नाश्ता करत, आणि तिथल्या त्यांच्या मित्रांना अजून कळवायचं राहिलं होतं. कोवळ्या उन्हात तव्यावरची वाफ तरंगत होती. दोन म्हाताऱ्यांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी दिसली.

"बस अम्मा. शेषगिरीची जागा आहे, पण तो येईपर्यंत बस."

शेषगिरी म्हणजे माझे अप्पा.

"तो आला की मात्र ऊठ हं. नाहीतर उभ्यानं इडली खाईल आणि आम्हाला दिवसभर ऐकवेल."

"वेंकोबा, खाऊ दे तिला. तो येतोय कुठे! किती दिवसांत फिरकला नाही."

"घरी जाऊन बघू या का?"

"घर कुठाय त्याचं?"

"मला काय विचारतोस? शेजारी तू बसायचास."

"बसायचो. इडली खाताना कोणी पत्ता विचारतं का?"

वेटरनं दोन कॉफी तीन पेल्यांत वाटून आणल्या.

"तिसरा कशाला रे?"

"तुम्हीच सांगितलंत, सर."

"सवय, दुसरं काय! अम्मा, तूच घे. साखर जास्त आहे, चालेल ना? घरी मुलगी देत नाही, म्हणून बिचारा इथे घालून घ्यायचा."

"आणि तो आला तर, वेंकोबा?"

"आला तर आणखी मागवू."

सांगायला मी तोंड उघडलं. दोघेही दाराकडे बघत होते. मी पेला उचलला आणि ती गोड कॉफी सावकाश, सगळी प्यायले.