परत करायचा चेहरा

— नाही ताई, ते चिमटे ठेवा जरा बाजूला, आधी ऐका. हा चेहरा तुम्हीच बसवलात ना माझ्यावर, सहा वर्षं झाली — याच खुर्चीत? मग आम्ही गुप्त पोलीस कसे राहतो ते तुम्हाला काय सांगायचं. कुणाला कुणाचा नवरा करून पाठवतात, कुणाला भाऊ. मला मुलगा केलं. खरा पोरगा सरकारविरुद्ध पत्रकं छापून फरार झालेला, म्हणून त्याचा चेहरा लावून मला त्याच्या आईकडे सोडलं — दोस्तमंडळी भेटायला येतील, त्यांची नावं कळवायची. साधं काम.

आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. कशावरून? जेवण झाल्यावर मी ताट घासून ठेवलं. तिच्या पोरानं म्हणे जन्मात कधी पेला उचलला नव्हता. पण बोलली नाही — चार महिने बोलली नाही. मग मला ताप भरला, गोळी नको म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणते, "पोलिसांनाही ताप येतो रे, गप घे." झालं. त्या दिवसापासून मी तिला आई म्हणायला लागलो — आधीही म्हणतच होतो म्हणा, पण ते ड्यूटीवर.

आणि आपलं म्हणायला दुसरं होतं तरी कोण? माझी सख्खी बहीण एकदा बसथांब्यावर भेटली. भेटली कसली — तिचा पाय पडला माझ्या पायावर. "सॉरी दादा," म्हणाली, परक्याला म्हणतात तसं. लहानपणापासून दादाच म्हणायची मला. मी म्हटलं, "असू द्या." ओळख द्यायची नाही, असा नियमच आहे ना.

मग एका दुपारी तो आला. खरा. मागच्या दारानं, निम्मा झालेला. आईनं दोघांना समोरासमोर बसवून वाढलं. तो विचारतो, "याला झोपवतेस कुठे?" — "तुझ्या खाटेवर." रुसला हो, एवढा तिशीचा घोडा. मी वर कळवायला हवं होतं — नाही कळवलं. उलट आम्ही वेळा वाटून घेतल्या. रस्त्यावरचे कॅमेरे हा चेहरा पोलिसाचा म्हणून सोडून देतात, मग सकाळी मी बाहेर, दुपारनंतर तो. एका वेळी एकच दिसला की झालं.

गेल्या आठवड्यात आई गेली. तिला पोचवायला एकालाच जाता येणार होतं — तो गेला. त्यानंच जायला हवं, रक्ताचा तो. मी पडद्याआडून बघितलं. शेजारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी — जाऊ दे. मी आपला तिच्या गोळ्या आवरत बसलो.

आता हुकूम आलाय, काम संपलं, चेहरा जमा करा. तुम्ही हा उतरवलात की संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्यांना कळेल, हा चेहरा आता पोलिसाचा नाही, आणि तो तर या घटकेला रस्त्यावर आहे. पहिल्याच कोपऱ्यावर धरतील —

थांबा. मघाशी भुलीचं इंजेक्शन दिलंत ना? त्यानंच जीभ सैल झाली. — नाही दिलं? म्हणजे नुसतंच बोललो मी, शुद्धीत? समोर कुणी गप बसून ऐकतंय याची सवयच राहिली नाही, त्यानं झालं असेल.

आता तुमच्या हातात. कागदावर लिहा, चेहरा मुरलाय, सुटत नाही. नाहीतर वर कळवा, तेही तुमचं कामच —

लिहिलंतसुद्धा? इतक्या लगेच? म्हणजे तुमचंही बाहेर कुणी — नको. सांगू नका ताई, मला कळता कामा नये. मी अजून पोलीस आहे. शिक्का मारा आणि पुढच्याला बोलवा.