उन्हाळ्यात काय, कुठलीही गाडी चालते

...पण मुळात 'सुरू होते' म्हणजे काय, हे आधी ठरवायला नको का? सकाळपासून गाडी विकणारा हा तिसरा माणूस मला ऐकवतोय, "बाई, किल्ली फिरवायचा अवकाश, सुरू!" अहो, कुठे सुरू? गरम गॅरेजात. गरम गॅरेजात मीसुद्धा किल्ली न फिरवता सुरू होते! मला हवी ती उणे पन्नासात, धुक्यात, लेना नदीच्या बर्फावर, जिथे मागचाही काठ दिसत नाही आणि पुढचाही, तिथे सुरू होणारी गाडी. बाकी उन्हाळ्यात काय, कुठलीही गाडी चालते.

तुम्हाला सांगते, हे सगळं सासूबाईंसाठी. त्यांची धाकटी बहीण नदीपलीकडच्या गावी अंथरुणाला खिळलीय, ती हा हिवाळा काढेल असं कुणीच म्हणत नाही. आता नदी गोठलीय, बर्फावरचा रस्ता खुला झालाय, आणि आकुलिनाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडीत बसायलाच तयार नाहीत. दुलुस्तान गेल्यापासून त्यांनी नदी ओलांडलेली नाही. दुलुस्तान म्हणजे माझा नवरा. त्याच्याकडे येते, थांबा... आधी गाड्या.

आता मी पडले विद्यापीठात गोठलेल्या जमिनीचं शास्त्र शिकवणारी. निकष ठरवल्याशिवाय मी बटाटेसुद्धा घेत नाही. तेव्हा निकष ठरवले. खिडक्यांना दुहेरी काचा, नाहीतर आपल्याच श्वासाचं बर्फ आतून चढतं. जोर चारही चाकांना. बॅटरी तगडी, स्टार्टर नवा, म्हणजे नवाच, 'नव्यासारखा' नव्हे. आणि इंजिनावर घालायला गोधडी. हसताय काय? सायबेरियात, आमच्या याकुत्स्कमध्ये, माणसाला गोधडी नसली तरी भागतं, गाडीला लागते. माझे दीर प्रोकोपी जुन्या गाड्यांची दलाली करतात, त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, गाडी घ्यायचीय की तिला डॉक्टरेट द्यायचीय?"

पण खरी परीक्षा सासूबाईंची! प्रत्येक गाडीत जाऊन बसायचं, फरची टोपी काढायची, डोळे मिटायचे आणि कान द्यायचा. पहिली गाडी, उंच, दणकट, माझे सगळे निकष पूर्ण... सासूबाई उतरल्या. "मुकी आहे." दुसरी, तिला तर सीट गरम करायचीही सोय. "हीसुद्धा मुकी." अहो आई, गाडीनं बोलायचं असतं का? तर म्हणाल्या, "माझ्या लेकाशी शेवटी कोण बोललं?"



आता येते त्याच्याकडे. दुलुस्तानची जुनी गाडी होती, पावासारखी दिसते म्हणून इकडे सगळे जिला 'पाव'च म्हणतात, ती. रस्ता अधिकृतपणे खुला व्हायच्या आधीच तो नदीवर उतरला, घाई त्याच्या रक्तातच. गाडी नदीच्या मध्यावर उभी सापडली आणि तो पलीकडच्या काठाच्या झुडपांपाशी, गोठलेला. चालत निघाला होता. "इंजिन गोठलं असणार," सगळे म्हणाले, मीही म्हणाले. पण किल्ली, तुम्हाला सांगते, किल्ली त्याच्या आतल्या खिशात होती. गाडी आपण होऊन बंद पडली असती तर तो तिथेच किल्ली फिरवत बसला असता. किल्ली काढून, खिशात ठेवून, वर बटण लावलेलं, याचा अर्थ त्यानं ती स्वतः बंद केली. इथे हिवाळ्यात दुकानाबाहेरसुद्धा कुणी इंजिन बंद करत नाही! आमच्याकडे माणसाला आवाजानं जाग येत नाही, अंगणातला आवाज थांबल्यानं येते. आणि हा नदीच्या मध्यावर बंद करतो? का? कुणासाठी? रात्र रात्र मी हाच एक प्रश्न मांडते आणि पुसते. बाहेर कुणाची गाडी घरघरत असते, आणि वाटतं, आत्ता थांबेल... बाकी उन्हाळ्यात काय, कुठलीही गाडी चालते.

तर, शेवटची गाडी. जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे, दार रंगवलेलं, माझ्या निकषांत कशीबशी काठावर पास. प्रोकोपीभाऊजींनी किल्ली फिरवली, आणि आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलली. मऊ, अदबीनं. सासूबाईंनी डोळे उघडले. भाऊजींनी गाडी बंद केली, बाई पुन्हा बोलली, या वेळी प्रश्न विचारल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "हीच."

मी आमच्याकडे जपानी शिकवणाऱ्या बाईंना विचारून आले. सुरू करताना ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही. कुठलं कार्ड? तिकडच्या रस्त्यांचा टोल भरायचं! आणि बंद करताना विचारते, उतरताना काही विसरला नाहीत ना? मी सासूबाईंना नीट समजावलं, की आई, ही बाई नाही, हे रेकॉर्डिंग आहे.

"म्हणजे माणूस नाही, नुसता आवाज आहे?"

"हो."

"मग भूत आणखी कशाला म्हणतात गं?"

दुसऱ्या दिवसापासून काचेपुढे तिच्यासाठी धिरडं. लोणी लावून! म्हणे, परकी पोर, आईबापांपासून लांब, थंडीत आलीय. मग मी सून होऊन आले, ती काय उष्ण कटिबंधातून आले होते?

निघालो आम्ही. बर्फावर पट्टा बांधायचा नसतो, बर्फ फुटलं तर उडी मारता आली पाहिजे, आणि पट्टा नाही म्हणून गाडी सारखी टुंग टुंग करतेय, सासूबाई तिला समजावतायत, "अगं, इकडची रीत आहे, तू घाबरू नकोस." भरदुपार, पण धुकं असं, की दूध सांडलंय आणि आपण त्यात. मध्यावर आलो. सासूबाई म्हणाल्या, "थांबव."

थांबवली. इंजिन चालू. दार उघडून त्यांनी बर्फावर धिरडं ठेवलं. नदीला आम्ही आजी म्हणतो, ओलांडताना आजीला वाढायचं असतं, हे मलाही ठाऊक आहे. मी मान खाली घातली, झालं, निघायचं...

"इंजिन बंद कर, तुयारा."

"आई, इथे?"

"आजीला वाढताना समोर घरघर करायची नसते. ती ऐकत असते. मीच शिकवलंय त्याला, एवढासा होता तेव्हा."

मी विचारलं, "तो बंद करायचा?"

"दर वेळी. शेजारी तू असलीस की नाही करायचा. तू हसशील म्हणून."

तुम्हाला सांगते, 'पाव'चा स्टार्टर खराब झाला होता. बदलू बदलू म्हणत राहिला होता, गाडी चालू असली की चालू, बंद केली की पुन्हा सुरू होईल न होईल! स्टार्टरचं मला ठाऊक होतं, सासूबाईंना नव्हतं. बंद करायची असते हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. दोन्ही ठाऊक असलेला माणूस एकच होता. आणि त्यानं काय केलं? आईचं ऐकलं. आणि किल्ली खिशात ठेवली, शहाण्यासारखी.

आता बंद करायची ती मी. शास्त्र सांगतं, गरम इंजिन एवढ्यात गोठत नाही. शास्त्र बरोबर आहे. स्टार्टर नवा आहे, मी स्वतः उघडून पाहिलाय. मग हात का उचलत नाही?

फिरवली किल्ली.

अशी शांतता पसरली, की श्वासातली वाफ गोठून खाली पडताना ऐकू यावी. आणि त्या शांततेत ती बाई, अदबीनं... उतरताना काही विसरला नाहीत ना?

सासूबाई बर्फाकडे बघत म्हणाल्या, "नाही गं पोरी. काही विसरलो नाही."

किती वेळ बसलो, ते मी मोजलं नाही. मी मोजलं नाही, बरं का! मग किल्ली फिरवली. सुरू. एका झटक्यात. बाई म्हणाली, कार्ड घातलेलं नाही.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीचं भाषांतर केलं. म्हटलं, "म्हणते, निघू या आई, मावशी वाट बघतायत."

पोचलो. बहिणी भेटल्या, एकमेकींचे हात धरून रडल्या, मग एकमेकींच्या चहाला नावं ठेवली. सगळं ठीक झालं. फक्त आता घरात धिरडी झाली की पहिलं लोणी लावलेलं अंगणात जातं, गोधडीखालच्या गाडीतल्या बाईला, म्हणजे थोरल्या सुनेला. मला उरलेलं, करपलेलं. मी तक्रार केली, तर म्हणाल्या, "ती निदान विचारते तरी." मग मी करपलेलं खाते. हिवाळा आहे, चालायचंच. उन्हाळ्यात काय, कुठलीही सून चालते.