रोशाचा वास

ऐका. पहिल्यांदा खटकला तो वास.

आपल्या डोंगराच्या उतारावर, मुरमाड जमिनीत, रोशा गवत माजतं. पुरुषभर उंच. भट्टीत उकळून त्याचं तेल काढतात. तुडवलं की गुलाबासारखा वास उठतो. मी तर उभी होते. वारा पडलेला. आणि वास येत होता माझ्या पाठीमागून.

दार लावलंय ना कुणी? बरं.

इंदूआत्या सापडली नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी कुणी आशेनं माझ्याकडे बघू नका.

आम्ही दोघी गवत कापायला गेलो होतो. दिवस बुडत होता. मी भारा बांधत होते, ती उरलेलं कापायला आत शिरली.

"येतेच गं, घाबरट," म्हणाली. "आणि कुणाच्या हाकेला ओ देऊ नकोस. का ते कॉलेजात शिकवत नाहीत?"

तुम्हाला ठाऊकच आहे. रोशात माणूस दिसत नाही, म्हणून विळा दगडावर वाजवायचा, पलीकडच्यानं आपला वाजवायचा. गवतातलं ते कुणाचाही आवाज काढतं, पण लोखंडाला शिवत नाही.

मी विळा वाजवला. उत्तर नाही. पुन्हा वाजवला. नाही. मग आत शिरले, परतीची खूण म्हणून शेंड्यांना गाठी मारत. थोडं पुढे गेले, तर समोर गाठ. माझ्यासारखीच, डावखुरी. तिथे मी अजून पोचलेही नव्हते! पुढे आणखी एक. मग आणखी एक.

शेवटच्या गाठीत आत्याचा विळा टांगलेला. लाकडी मुठीला गवत घट्ट गुंडाळलेलं, पात्याला मात्र काडीसुद्धा लागलेली नाही.

तो सोडवून घेतला, आणि मग ध्यानात आलं. दोन्ही विळे माझ्याच हातात. आत्या जिवंत असली तरी वाजवणार काय? तिला आता ओच द्यावी लागणार. आणि त्यालाही ओच देता येते. मग मी ओळखायचं कसं?

"आत्याऽ!"

काही नाही. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. अंधार पडला. वास दाट होत गेला, आणि गवताचं पातंही हलत नव्हतं. तुम्ही त्या उतारानं जाऊ नका. विळा असला तरी नको.

शेवटची हाक नुसती ओठांतच फुटली. शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेली नसती.

आणि खांद्याजवळून, अगदी आत्याच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "ओ, घाबरट."