सोड म्हणल्याबिगर

न्हाय न्हाय न्हाय, वकीलबाई, खोडा आदी त्ये! माज्या नातवानं गळा दाबला न्हाय. गळा दाबत्यात त्ये चोर, दारुडं. पोलिसांनी कागदात 'गळा दाबून' लिवलं तवापास्नं डोस्कं फिरलंय माजं — आवो, उभा जन्म गेला ह्या तालमीत, हंबीरराव वस्ताद म्हणलं की अख्ख्या पेठ वडगावात पैलवान सरळ हुबं ऱ्हात्यात, आन् माजा पृथ्वीराज गळा दाबंल व्हय? घुटना टाकला त्येनं, घुटना! डाव हाय त्यो. कसा आस्तो म्हणताय? थांबा, दावतोच की. ए ऋतुराज, ए झिशान, उतरा हौद्यात, तांबड्या मातीत. झिशान, तू खाली जा. ऋतुराज, टाक घुटना — हां, हळू रं, बाईंस्नी नुसतं दावायचंय. बघा, गुडगा मानंवर, हात लांगंत, लंगोटाच्या पट्ट्यात, आन् वजन टाकून गडी उलथायचा. आता त्यो तसाच धरून ऱ्हाईल. मी 'सोड' म्हणल्याबिगर हितं कुणी पकड सोडत न्हाय, झिशानचा बा आला तरी न्हाय! त्येच तर नाव हाय ह्या तालमीचं. दुसरीकडं बघा जावा, पैलवान मनाला यील तवा सोडत्यात, मोबाईल वाजला की हौद्यातनं भाईर — शिस्त न्हाय, काय न्हाय.

हां, तर तुमचं कलम. म्हणून दावतो, बघा ध्येनात ऱ्हायलंय का. आमच्या टायमाला खून म्हंजे तीनशेदोन, आता झालंय एकशेतीन — नंबर बदलला, फास त्योच. फाशी न्हायतर जन्मठेप. आन् एकशेपाच म्हंजे खून न्हवं, सदोष का काय त्ये — व्हय, मनुष्यवध. अचानक भांडान लागलं, डोस्कं तापलं, आदी कायबी ठरलं न्हवतं, समोरच्याचा गैरफायदा घेतला न्हाय, ह्ये पटलं तर जजसायेब खुनावरनं खाली उतरत्यात, धा वर्सांवर भागतंय. बरूबर? आन् सोमवारी साक्षीला हुबा ऱ्हाऊन मी त्येच सांगायचं — अचानक झालं, मी उशिरा पोचलो. पाठ हाय माज्या. धा वर्सांनी सुटला तर पोरगं अजून तरणं आसंल, मी बी तग धरीन कसाबसा. जन्मठेप झाली तर मातर मी त्येला परत बघत न्हाय, बाई. पोरगा गेला, सून गेली, ह्यो येवढा एकच हाय मला. कळंब्याच्या जेलात भेटाय गेलतो, तर त्योच मला इचारतोय — वस्ताद, जेवलासा का? आजा म्हणत न्हाय कवा मला. वस्तादच.

डोस्कं तापलं का म्हणून काय इचारताय? तापणारच की! जत्रंच्या मैदानात शिरोळचा राजवीर पृथ्वीकडनं चितपट झाला, अख्ख्या गर्दीनं बघितलं, आन् दुसऱ्या दिवशी त्यो मोबाईलवर स्टेटस ठेवतोय, 'म्हाताऱ्यानं पैसं चारून नुरा कुस्ती लावली, मी मुद्दाम पडलो'. नुरा म्हंजे आदी ठरवून केलेली, खोटी. मला! माज्या तालमीला! तेवढ्यावर भागलं न्हाय, सकाळच्या पारी आला की हितं दारात. सगळी पोरं पळाय गेलती, पृथ्वी येकटाच जोर मारत हुता. नाय नाय त्ये बोलला आन् उंबऱ्यावर थुकला भाड्या. — मला कसं म्हाईत? पृथ्वीनं सांगितलं की मागनं. मी उशिरा आलतो, म्हणलं न्हवं का तुमास्नी!

आन् तरीबी पोराची रीत बघा. सदरा काढला, घडी घातली, घड्याळ काढून वर ठेवलं. मागच्या रानात ऊस नुकताच तुटलेला, तिथं उतरली दोघं. पृथ्वीनं मूठभर माती उचलली, राजवीरच्या खांद्याला लावली, सलामी दिली. खुनी माणूस सलामी देतोय व्हय? लिवा ह्ये, ठळक लिवा. — का? घडी घातली ह्यात काय वाईट? अचानक तापलेला माणूस घडी घालत न्हाय... बरं, खोडा घडी. सलामी ऱ्हाऊ द्या. सलामीबी नको? आयला, काय तुमचा कायदा! जनावरागत अंगावर गेला तर धा वर्सं, आन् माणसागत सलामी देऊन गेला तर जन्मठेप!

आन् सुरवात केली कुणी? राजवीरनं! सलामीचा हात सुटला न्हाय तवर ढुसणी हाणली नाकावर. फाटदिशी नाक फुटलं पृथ्वीचं, रगात तोंडात, छातीवर. मंग पृथ्वीनं लांगंत हात घालून उचलला आन् दाणकन् आपटला त्येला — तुटलेल्या उसाची खुटं पाठीत घुसली, आसा वरडला, आसा वरडला! तरी दमला न्हाय गडी, खोटं कशाला सांगू. कान धरला पृथ्वीचा दातात, तुकडा काढून थुकला. मंग पडला घुटना. तोंड मातीत, दात मातीत, मातीतनंच घुरघुर करतंय. हारलो म्हणून हात आपटाय लागला राजवीर. धप, धप. आन् पृथ्वीनं वर बघितलं — माज्याकडं. नाकातनं रगात गळतंय आन् नुसता डोळ्यानं इचारतोय, वस्ताद? मी बांधावर हुबा. तोंडावरची थुकी बी पुसली न्हवती मी — उंबऱ्यावर न्हवं, बाई, ह्या तोंडावर थुकला हुता त्यो. ह्या मिशीवर! मनात म्हणलं, दाबू दे आणि जरा. आणि जरा. राजवीरचा हात थांबला तरी म्हणलं, आणि जरा. मंग मानंत कट्ट वाजलं.

पेन का ठेवलासा?

लिवा की. उशिरा आलतो असंच लिवा, सोमवारी त्येच सांगणार हाय मी. — ऐकलंय म्हणताय. आता ऐकलंय, मंग खोटं लिवता येत न्हाय. बरं. मंग येवढं सांगा मला, शिकल्यासवरल्या हायसा तुमी. 'मार' म्हणणाऱ्याला कलम हाय, चिथावणीचं, तुमीच म्हणलासा. मी मार म्हणलो न्हाय. मी कायबी म्हणलो न्हाय. एक शबूद म्हणायचा हुता, त्यो म्हणलो न्हाय. त्येला कुठलं कलम? बोला की! पृथ्वीनं पोलिसांचा मार खाल्ला, पर वस्ताद तिथं हुतं म्हणून तोंडातनं काढलं न्हाय. त्यो काय काढतोय? मी म्हणल्याबिगर त्येनं कवा काय सोडलंय? रागानं मी पेटलोतो, बाई. त्यो न्हवता. त्यो नुसता धरून बसलाता. — आन् तुमी कुठं बघताय? मी बोलतोय न्हवं? हौद्याकडं काय हाय—

आरं! आरं सोड! ऋतुराज, सोड त्येला! सोड, सोड म्हणतोय न्हवं! हो बाजूला! झिशान, ए बाळा, वर बघ, दम घे, दम घे आदी... थुक ती माती. हाय, हाय मी. आन् तू रं? कवाधरनं हात आपटतंय त्ये, दिसलं न्हाय तुला? निळं पडलंय पोरगं, आन् तू माज्या तोंडाकडं बघत बसलास? कुणी शिकिवलं रं तुला असलं? कुणी...

जावा, बाई. जावा तुमी आता.