विजयच्या फोनवरची स्थळं

नाही रे पुता, काच फुटली नाही, चार्जिंगचंही काही नाही — तू आधी त्या गिऱ्हाइकाला मोकळं कर, मी बसते या कदेलावर. गेला? बरं. मला ते व्हीपीएन घालून दे. हसतोस काय? चोपड्याच्या शाळेत तिसरीला तुला मी शिकवलंय, प्रभावती बाईंना यातलं काय कळतंय असं तोंड करू नको. परेश — आमचा थोरला — घालतो ना ते. हॉटेलात कामाला आहे, तिथल्या वायफायवर देशोदेशीचे लोक, मग बँकेचं काही करायचं तर आधी ते चालू करतो. मी विचारलं, याने होतं काय रे? तर म्हणाला, आई, आपण कुठे आहोत, काय बघतोय, ते बाहेरच्याला कळत नाही. बरोबर ना? हां. जिवंत माणसाला कळत नाही, ते समजलं. पण गेलेल्या माणसाला?

असा बघू नको. हा फोन विजयचा आहे. माझा धाकटा, पाळीच्या खाणीवर टिपर चालवायचा — तुला कशाला सांगते, तू आला होतास बाराव्याला. टिपर उलटला, त्यातून फोन तेवढा धड राहिला. गौरवी म्हणाली, तुम्ही वापरा आई, तुमचा जुना झालाय — नवऱ्याचा फोन तिला डोळ्यांसमोर नको होता, मला कळत नाही का? तर मी त्यावर सांजेला भजनं लावते. वर्षश्राद्ध झालं आणि मागीर हे सुरू झालं — अभंग ऐकता ऐकता मध्येच जाहिरात. पुनर्विवाहासाठी स्थळं! विधवा, घटस्फोटित, सगळ्यांसाठी. म्हटलं, असेल, दाखवत असतील सगळ्यांना. पण रोज? एकदा कोण फोंड्याचा मास्तर, एकदा टक्कल पडलेला दुकानदार, हात जोडून हसतोय — विजयच्या फोनवर. मी फोन उपडा ठेवायची. पण घरात एकटी असले की वाटायचं, हा आतून बोलतोय. आई, तिला सोड. आई, काय वय आहे तिचं?

देवीकडे गेले. गुरवाला म्हटलं, देवीला पाकळ्या लाव, कौल घ्यायचाय. विचारलं, हा माझा विजय आहे का? पाकळी उजवी पडली, म्हणजे होय, झटकन, माझं बोलणं पुरं व्हायच्या आत. गुरव म्हणाला, पुढचं विचारा बाई, तो काय मागतोय ते विचारा. मी नाही विचारलं. उठले आणि घरी आले. कारण तीही उजवी पडली असती तर? मग गौरवीचं लग्न मलाच करून द्यावं लागलं असतं. आणि मी — पणजीहून तिची बस येते ना सांजेची, तिच्या वहाणांचा आवाज ऐकल्याशिवाय मी चहाच ठेवत नाही. ती येताना बेकरीतले गरम उंडे आणते, दोघी जनेलाजवळ बाहेरचा रस्ता बघत बसतो. ती गेली तर माझ्याशी कोण बोलणार? परेशची बायको आहे, चांगली आहे, पण ती परेशची बायको आहे. म्हणून म्हटलं, याचं तोंडच बंद करावं. माझ्याच झिलाचं. मेलेल्या झिलाचं तोंड बंद करायला आले मी, निहार, दुसरं काय. घाल ते आणि मला मोकळी कर.

काय? थांब, हळू सांग. विजयचा यात काही संबंध नाही? मग? घरात वायफाय एक, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या फोनांचा पत्ता एकच दिसतो — हां, आलं ध्यानात. एकाने काही शोधलं की जाहिरात दुसऱ्याच्याही फोनवर येऊ शकते. शकते म्हणजे? बहुतेक तसंच असणार? बरं. मग शोधतंय कोण? मी? या वयात? परेशचं तर लग्न झालेलं, त्याच्या बायकोला कशाला —

पाणी आहे का रे थोडं?

गेल्या रविवारी जेवताना परेशच्या फोनवरही आली होती ती जाहिरात. हसला, म्हणाला, घरात कोणाला लग्न करायचंय गो? आम्ही सगळे हसलो. गौरवी माशांचं हुमण वाढत होती, डाव तिच्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, विजयची आठवण आली असेल. मीच म्हटलं तिला, बस गो बाय, तूही जेवून घे.

चोरून बघते रे ती. माझ्या शेजारी बसून, चहा पिता पिता. आणि मी तिला विचारते, आज बसमध्ये जागा मिळाली का? आणि विजय — म्हणजे विजय काहीच बोलत नव्हता. एवढे दिवस मी ज्याच्यावर रागावत होते, उपडा ठेवत होते, तिथे कोणीच नव्हतं. मग देवीने उजवी का दिली? राहू दे, तुला काय विचारते मी.

परेशला रविवारी हसू आलं, उद्या ध्यानात येईल. बाराव्याला सगळ्यांसमोर बोललाय तो, आमची सून आमच्याच घरात राहील म्हणून. आणि तो वायफायचा डबाही त्याच्याच खोलीत आहे, त्याच्याच नावावर. त्याने बघायचं ठरवलं तर त्याला दिसेल ना, ती कुठे कुठे जाते ते? दिसेल. आता कळलं मला, साधी माणसं हे व्हीपीएन का घालतात. चोरच घालतात असं थोडंच आहे.

ऐक. माझ्या फोनमध्ये घालू नको. तिच्यात घाल. मी पाठवते तिला शनिवारी, काच बदलून घे म्हणून — तिची खरंच तडकली आहे. काच लावता लावता तूच विषय काढ. घरीसुद्धा चालू ठेव म्हणावं, घरीच जास्त. एवढ्याने पुरतं होत नाही? खातं वेगळं काढावं लागतं? मग तेही काढून दे, नीट समजावून सांग, घाई करू नको. फक्त मी आले होते हे बोलू नकोस. माझ्याकडून आलं असं कळलं तर लाजेने ती बघायचंच सोडेल.

मग माझ्या फोनवर येणं बंद होईल, नाही? तो मास्तर, तो दुकानदार — कोणीच येणार नाही विजयच्या फोनवर. नुसती भजनं.

होऊ दे. दे तो फोन इकडे. नको, बसपर्यंत येऊ नको, जाते मी माझी.