जहाजामागे चालणारा डोंगर

पेटी जरा थांबवा, विनायकराव! मंडळी, आज एक अडचणीचा प्रश्न विचारतो. माणूस खोटं बोलला तर दोष त्याचा – कबूल? मग समोरचा खरं बोलतोय, आणि आपल्यापर्यंत मात्र वाकडंच पोचतंय – तेव्हा दोष कोणाचा? बघा, लगेच सगळे शेजाऱ्याकडे बघायला लागले!

तर ऐका. हर्णैच्या तांडेलांची लेक, हेमांगी. शिकली-सवरली, समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर लागली. आता तळ मोजायचा कसा? खाली पाच हजार मीटर पाणी – तिथे कोणाचा बाप उतरणार? म्हणून जहाजाच्या पोटातून आवाज सोडायचा. तो तळाला आपटून परत येतो. किती वेळाने आला त्यावरून खोली, किती जोरात आला त्यावरून तळ चिखलाचा की खडकाचा, ते कळतं. हाक मारायची आणि मुकाट ऐकायचं. आपल्याला हाक छान जमते हो, ऐकायचंच राहतं!

आणि हा खटाटोप कशाला? तर समुद्रातल्या डोंगरांच्या अंगावर कोबाल्टसारख्या धातूंचे थर बसलेले असतात, ते शोधायला. त्या खेपेला मोजणीची जबाबदारी पहिल्यांदाच एकट्या हेमांगीवर होती.

पण यात एक गोम आहे. आवाज सगळ्या पाण्यातून सारखा धावत नाही. ऊन पाण्यात भरभर, गार पाण्यात सावकाश. म्हणून रोज सकाळी जहाज थांबवायचं, तारेला यंत्र बांधून खोल सोडायचं, आजचं पाणी कसं आहे ते बघायचं – आणि मगच आवाजावर विश्वास ठेवायचा. चार तास जातात! त्या दिवशी हेमांगी म्हणाली, "कालचं मोजमाप आहे की! तेच लावू." आता हसू नका, तुम्हीही कालच्या हारावर देवाची बोळवण करता!

दुपारी पडद्यावर काय उमटलं? सपाट तळाच्या दोन्ही बाजूंना उंच डोंगरकडे! मोहिमेचे प्रमुख केळुसकर साहेब म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. "तांडेल, नाव काढलंस! किनाऱ्यावर कळवतो मी. खोदणारं जहाज इथेच बोलावू!" हेमांगीला आभाळ ठेंगणं झालं.

मग जहाज वळलं. आणि कडेही वळले! जहाज पूर्वेला, डोंगर पूर्वेला. जहाज दक्षिणेला, डोंगर दक्षिणेला. अहो, डोंगर कधी कोणाच्या मागे चालतो का? हेमांगीने धावत जाऊन वरच्या पाण्याची ऊब बघितली. जहाज वेगळ्या, ऊन प्रवाहात शिरलं होतं, आणि ती कालच्या पाण्याने आजचा आवाज मोजत बसली होती.

गप्प बसली असती तर? कोण विचारणार होतं? डोंगर नाही सापडला, तर समुद्राला बोल लावून मोकळं! आणि बोलली, तर पहिलीच जबाबदारी आणि पहिलाच ठपका. तरी गेली ती साहेबांकडे.

"सर, ते डोंगर नाहीत. सकाळी मी यंत्र सोडलंच नाही."

"अगं, मी कळवून बसलोय!"

"मग परत कळवा. चूक माझी म्हणून कळवा."

"पुढच्या मोहिमेवर तुला कोण घेईल, याचा विचार केलास?"

"केला, सर. नका घेऊ. पण आत्ता जहाज थांबवा."

मग साहेबांनी जहाज थांबवलं. यंत्र खाली गेलं, चार तासांनी वर आलं. नवं मोजमाप लावलं – आणि कडे खाली बसले. सपाट चिखल! ना डोंगर, ना कोबाल्ट. हेमांगी रडली. का नाही रडणार? पुढच्या मोहिमेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी गोड करून सांगणार नाही, झालं ते असं झालं.

पण मंडळी, तळ एकदाही खोटं बोलला नव्हता! आता आपल्याकडे या. सून काही बोलली, तर तुम्ही ते कशाने मोजता? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती काय म्हणाली होती, त्याने! बारा वर्षांपूर्वीचं पाणी हो ते! मधल्या काळात तिचं मन बदललं, तुमचं वय बदललं – पण यंत्र सोडायचा कंटाळा.

याच मंडपात दोन सख्खे भाऊ बसलेत. एक त्या खांबाशी, एक या खांबाशी. नावं घेत नाही, गावाला ठाऊक आहेत. परवा धाकटा म्हणाला, "दादा, बरा आहेस ना?" आणि थोरल्याला त्यात टोमणा ऐकू आला! दादा, तुम्हाला चार तास नको आहेत, चार पावलं पुरेत. आरतीचं तबक घेऊन मी उभा आहे. तुम्ही उठल्याशिवाय निरांजन लावणार नाही.